बर्फात भोक पाडून गरवणं: मिल लॅक्सवरच्या भाड्याच्या आइस हाऊसचा रिव्ह्यू

आधी हिशोब सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. चार माणसं, दोन रात्री, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मिल लॅक्स तळ्यावरचं भाड्याचं आइस हाऊस (गोठलेल्या तळ्यावर ठेवलेली केबिन, आत बसून भोकातून मासे गरवायचे), टॅक्स टिप सगळं धरून ७०० डॉलरच्या जरा वर. घरी आणलेले मासे: एक. बायकोने लगेच भागाकार केला आणि म्हणाली एवढ्यात कॉस्टकोतला सामन वर्षभर आला असता. बरोबर आहे तिचं. तरी मी पाचातले साडेतीन स्टार देतोय, आणि दीड का कापला तेही सांगतो.

ट्रिप फेब्रुवारी २०२३ची आहे, लिहायला उशीर झालाय, पण दर डिसेंबरात कोणी ना कोणी विचारतंच की आइस हाऊस भाड्याने घ्यावं का, पोरांना न्यावं का, आपल्याला जमेल का, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. जागेचं नाव टाकत नाही. तळ्याकाठी अशी रिसॉर्टं भरपूर आहेत आणि जे गुणदोष सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतील असं जाणकार म्हणतात.

मी मूळचा कणकवलीकडचा. गड नदीवर गरी टाकून लहानपण गेलं, पागही (हाताने फेकायचं जाळं) थोडाफार टाकता येतो (गोल पडत नाही, केळ्यासारखा लांबट पडतो, बाबा अजून हसतात). त्यामुळे मासे पकडणं मला कोण शिकवणार असा एक माज होता. सोबत माझा अकरा वर्षांचा मुलगा, नागपूरचा एक मित्र जो कट्टर शाकाहारी आहे आणि फक्त 'एक्सपीरियन्स'साठी आला होता, आणि ऑफिसातला एक दाढीवाला मिनेसोटन ज्याचं अर्धं आयुष्य बर्फावर गेलंय. दाढीवाला नसता तर आम्ही पहिल्याच दिवशी परत आलो असतो.

मिनियापोलिसपासून सरळ उत्तरेला, हायवे १६९ धरून साधारण शंभर मैल. तळं केवढं तर २०० चौरस मैलांच्या वर, पण खोली जेमतेम, जास्तीत जास्त ४२ फूट. परात म्हणा ना. किनाऱ्यावर गॅरिसन गावात वॉलआय माशाचा भलामोठा पुतळा आहे, त्याच्यासोबत फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आम्हीही काढला. वॉलआय हा मिनेसोटाचा १९६५पासूनचा राज्यमासा. डोळे असे की टॉर्च मारला तर मांजरासारखे चमकतात, मागे आरशासारखा थर असतो त्यामुळे अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं आणि म्हणूनच हा गडी संध्याकाळी आणि पहाटे खातो, दुपारी तुम्ही कितीही नाचा, ढिम्म.

आता सर्व्हिस. खरं सांगायचं तर ७०० डॉलर तुम्ही खोलीचे देत नाही, रस्त्याचे देता. तळं गोठलं की ही रिसॉर्टवाली मंडळी बर्फावर मैलोनमैल रस्ता काढतात, स्नो पडला की बाजूला ढकलून साफ करतात, कडेला खुणेच्या काठ्या लावतात, आणि जिथे बर्फ दुभंगून भेग पडते तिथे चक्क उचलून ठेवायचा लोखंडी पूल टाकतात. स्वतःचं घर घेऊन येणाऱ्यांकडून नुसत्या रस्त्याची वेगळी फी घेतात. त्या पुलावरून गाडी नेताना दाढीवाल्याने सांगितलं सीटबेल्ट काढा आणि काचा खाली करा. का, तर गाडी पाण्यात गेलीच तर बाहेर पडता यावं. नागपूरकर म्हणाला, "काऊन बे, हे तू घरी नाही सांगितलं?" मुलगा मात्र खूश. बर्फ त्या दिवशी दीड दोन फूट होता. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, म्हणजे इथल्या डीएनआरचा ठोकताळा असा की पायी चालायला चार इंच पुरे, छोट्या कारला नऊ दहा तरी हवेत. म्हणजे आमचं काम झालं होतं, पण हे डोक्याला कळतं, पोटाला नाही.

घर म्हणजे चाकांवरची केबिन. बर्फावर आणून खाली टेकवतात. आत चार बंक, प्रोपेनची भट्टी, दोन शेगड्यांचा स्टोव्ह, एक कुबट वासाचा सोफा, कोपऱ्यात पडद्यामागे बादलीवजा संडास (पिशवी तुम्हीच बांधायची, तुम्हीच न्यायची, या विषयावर एवढंच) आणि जमिनीत झाकणं लावलेली सहा भोकं. झाकण उघडलं की खाली बर्फाची विहीर आणि तिच्या तळाशी काळं हिरवं पाणी. सोफ्यावर बसून पायाशी विहीर, असा प्रकार मी कधी बघितला नव्हता. भोकं ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, आधीच पाडून ठेवलेली असतात, रात्रीत वर पापुद्रा धरतो तो फोडायचा आणि बर्फाचा चुरा काढायला एक लांब दांड्याचा जाळीदार चमचा असतो, सेम आपला पुऱ्या तळायचा झारा. हा झारा लक्षात ठेवा.

भिंतीवर प्रत्येक भोकाच्या वर एक लाकडी रील ठोकलेलं, त्याला रॅटल रील म्हणतात, आत छर्रे असतात. दोरी खाली सोडून ठेवायची, गळाला जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा), आणि तुम्ही झोपा. माशाने ओढलं की रील फिरतं आणि बाळाच्या खुळखुळ्यासारखा आवाज होतो. रात्री दोनला अंधारात तो खुळखुळा वाजला की जी धांदल उडते ना, चौघंही बंकवरून उड्या, एकाचा पाय भोकात, कोणाच्या हातात दोरी कोणाच्या हातात टॉर्च. सगळ्या ट्रिपमधली पैसा वसूल गोष्ट हीच. दुसरं यंत्र म्हणजे फ्लॅशर, गोल तबकडीवर रंगीत रेघा, खाली मासा आला की लाल रेघ वर सरकते, तुमच्या आमिषाच्या रेघेपाशी येते, थांबते, हुंगते आणि निघून जाते. बघून बघून रक्तदाब वाढतो. नदीत आम्हाला मासा दिसायचा नाही म्हणून आशा असायची, इथे तो येऊन तोंड फिरवून गेलेला दिसतो.

आणि बर्फ बोलतो. रात्री थंडी वाढली की तो ताणला जातो आणि लांबून सुरुंग लागल्यासारखा धडाम, मग एक घुंईं करत आवाज घराखालून पलीकडे निघून जातो. दाढीवाला म्हणाला आवाज येतोय ते चांगलं, बर्फ बनतोय. मी मान डोलावली आणि बूट घालूनच झोपलो.

आता परवाना. इथे १६ वर्षांखालच्या रहिवासी पोरांना लागत नाही, मोठ्यांना लागतो, रहिवाशाला वर्षाचा २५ डॉलर होता, नवराबायको मिळून ४०. राज्यात साठ दिवस राहिलात की तुम्ही रहिवासी, व्हिसा कुठला ते कोणी विचारत नाही. पण फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी नंबर मागतात! मी दाढीवाल्याला विचारलं की मासा काय क्रेडिट स्कोअर बघणार आहे का. तर कारण असं की १९९६च्या एका फेडरल कायद्याने राज्यांना तो नंबर घ्यावा लागतो, घटस्फोटानंतर पोरांचा खर्च बुडवणाऱ्या बापाचा हौसेचा परवानाही अडवता यावा म्हणून. पोटगी बुडवली तर गळ बंद. आमच्याकडे हा नियम लावला तर अर्ध्या नद्या मोकळ्या होतील.

नागपूरकराने परवाना काढलाच नव्हता, तो काय बघायला आलेला. पहिल्या रात्री मी चहा ठेवायला उठलो आणि सहज त्याच्या हातात रॉड दिला तर दाढीवाला, जो एरवी कुणाला काही बोलत नाही, तो एकदम म्हणाला, खाली ठेव, लायसन नाहीये तुझ्याकडे. चार भिंतींच्या आत, तळ्याच्या मध्यावर, काळोखात, कोण येणार होतं बघायला? पण नाही म्हणजे नाही. शेवटी नागपूरकराने तिथेच बंकवर बसून फोनवरून चोवीस तासांचा परवाना काढला, बारा डॉलर आणि वर फी. तळ्यावर नेटवर्क फुल्ल, आमच्या गावच्या घरी माळ्यावर चढावं लागतं.

मला हा प्रसंग लागला थोडा. कारण आम्ही वाढलो ते चढणीच्या माशांवर. पहिला पाऊस झाला, ओढे लाल झाले की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, शेतात मेरेपर्यंत येतात, आणि सगळा गाव रात्री बत्त्या घेऊन बाहेर. पोटात गाभोळी भरलेली, पळायला जागा नाही, खोयन (मासे अडकवायचा सापळा) लावा नाहीतर काठीने मारा. त्यासारखी मजा नाही आणि त्या गाभोळीसारखी चव नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण इथे हेच उलट आहे, अंडी घालायच्या दिवसांत वॉलआयचा सीझनच बंद असतो, फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो तो मे महिन्यात उघडतो. आणि उघडतो तो दिवस म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेसारखा सण, राज्याचा गव्हर्नर स्वतः गळ टाकायला जातो, १९४८पासूनची प्रथा आहे. तो वीकेंड बहुतेक वेळा मदर्स डेलाच येतो म्हणून आयांना त्या दोन दिवसांत परवाना माफ. हे ऐकून आमच्या हिने विचारलं, म्हणजे मदर्स डेला आईने मासे पकडायचे आणि साफ पण तिनेच करायचे का.

शिकारीचंही तसंच. नोव्हेंबरात हरणाचा सीझन उघडला की आमचं ऑफिस ओस, सगळे भगव्या जाकिटात जंगलात. (२०१७पासून भडक गुलाबीही चालतं.) डिसेंबर १९७९नंतर जन्मलेल्याला बंदुकीच्या सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचा परवाना नाही. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतात रानडुक्कर घुसतं म्हणून घेतलेली, कोर्स बिर्स काही नाही, आजीच्या शिव्या हाच कोर्स. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि आपल्याकडे हौसेची शिकार संपली. इथे १९९८ साली लोकांनी मत देऊन शिकार आणि मासेमारी हा आमचा मोलाचा वारसा आहे, तो कायम जपायचा आणि लोकहितासाठी कायद्याने सांभाळायचा असं राज्याच्या घटनेतच घालून घेतलं. आणि दहा वर्षांनी, २००८मध्ये, परत मतदान करून स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला, तीन अष्टमांश टक्का, २०३४पर्यंत. त्यातला एक तृतीयांश शिकारीच्या प्राण्यांच्या आणि माशांच्या अधिवासाला, तेवढाच पाणी स्वच्छ ठेवायला, उरलेला पार्क आणि कलेला. इथे किराणा आणि कपड्यांवर विक्रीकर नाही पण टार्गेट नावाच्या दुकानातून मी टीव्ही घेतला तेव्हा मीसुद्धा वॉलआयला वर्गणी दिली, मला माहीतच नव्हतं. गळ आणि रीळ घेतानाही वेगळा फेडरल कर आत दडलेला असतो, १९५०पासून, दहा टक्क्यांपर्यंत, आणि तो राज्यांना वाटताना कोणाकडे परवाने किती हे मोजतात. म्हणजे नागपूरकराच्या बारा डॉलरचं वजन बारा डॉलरपेक्षा जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मासे लागायला लागले. पर्च आले दोन चार, छोटे, सोडले. वॉलआय संध्याकाळी साडेपाचनंतर. इथे खरी गंमत. त्या हिवाळ्याचा मिल लॅक्सचा नियम असा: माणशी एकच वॉलआय ठेवायचा, तो २१ ते २३ इंचांमध्ये पाहिजे, नाहीतर २८च्या वर. बाकी सगळं परत पाण्यात. राज्यात इतर ठिकाणी तेव्हा सहा चालायचे, इथे एक. दाढीवाल्याने फूटपट्टी चिकटवलेली फळी काढली, मासा ओला करून तिच्यावर ठेवायचा, तोंड टेकवायचं, शेपटीची टोकं चिमटीत जुळवायची आणि वाचायचं. पंधरा इंच, सोड. सतरा, सोड. एकोणीस आणि अर्धा. माझ्या पोटात कालवलं हो, एकोणीस इंचाचा मासा कोणी सोडतो का? सोडला. मग नागपूरकराच्या हातातला रॉड वाकला आणि चांगली पाच मिनिटं झगडून त्याने वर काढला तो साडेपंचवीस इंच, सोनेरी पाठ, पोट पांढरं, डोळे काचेचे. मोठा असूनही ठेवता येत नाही. मला वाटलं आता हा हळहळणार, तर तो उलट हरखला, "बेस्ट आहे भाऊ, मजा बी आली अन् पाप बी नाही लागलं." फोटो काढला, खाली सोडला, शेपटीचा एक फटका मारून पाणी नागपूरकराच्याच तोंडावर उडवून गेला.

एवढा कडक नियम का, हे मला परतताना रॅम्पवर कळलं. तिथे डीएनआरची एक बाई क्लिपबोर्ड घेऊन उभी होती, किती तास बसलात, किती लागले, किती सोडले, ठेवलेला दाखवा, मोजला तिने. सोडलेल्यांचीही नोंद, कारण सोडलेल्यातले काही गळाच्या जखमेने मरतात आणि ते मेलेलेही कोट्यात धरतात. आणि कोटा एकट्या राज्याचा नाही. १८३७च्या करारात इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांनी ही जमीन अमेरिकन सरकारला दिली पण शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करायचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्य म्हणायला लागलं की तो हक्क कधीच संपला. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९९मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ओजिब्वेंच्या बाजूने निकाल लागला. आता दर वर्षी किती वॉलआय काढणं परवडेल ते ठरतं आणि त्याची राज्य आणि ओजिब्वेंचे आठ गट यांच्यात वाटणी होते. किनाऱ्यावरचे काही जण अजून बोटं मोडतात, ओजिब्वे जाळी लावतात म्हणून आम्हाला एकच मासा, असं बारमध्ये ऐकायला मिळालं. पण तळ्यात झीब्रा शिंपले शिरलेत, पाणी आरपार स्वच्छ झालंय, अंधुक उजेडाच्या या माशाला ते मानवत नाही, हे बोलायला कोणी तयार नाही. आपल्याकडे यांत्रिक बोटींचे पर्ससीनवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले एकमेकांकडे बोट दाखवतात त्याची आठवण झाली. वेळ असेल तर ओनेमियाजवळचं मिल लॅक्स इंडियन म्युझियम बघा, आम्ही दारावरून आलो, पोरगं भुकेलं होतं.

महाराष्ट्रातही २०२३मध्येच ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं, पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली पकडायचं नाही, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासाही केलं. चांगलंच झालं. पण मासळी बाजारात फळी घेऊन उभी असलेली बाई मला तरी अजून दिसलेली नाही.

आता दीड स्टार. दुसऱ्या रात्री तीन वाजता भट्टी बंद पडली. प्रोपेनची टाकी रिकामी! बाहेर शून्याखाली, तेही फॅरनहाइटमधलं शून्य. घरात अर्ध्या तासात भोकांवर साय धरायला लागली. इमर्जन्सी नंबरवर व्हॉइसमेल, तीनदा. चौथ्यांदा एकाने उचलला आणि पन्नास मिनिटांनी टाकी घेऊन आला. माणूस गोड होता, सॉरी सॉरी करत होता, बिलात तीस डॉलर कमी केले आणि मिनोंची एक पिशवी फुकट दिली. पण लहान मूल सोबत असताना पन्नास मिनिटं फार होतात, पोराला तीन जाकिटांत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. एक स्टार त्याचा. गेल्या गेल्या टाकीचा काटा बघा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा, आम्ही दुसरं केलं, पहिलं नाही. उरलेला अर्धा स्टार त्या सोफ्याचा.

घरी आणलेला एकमेव मासा पोराचा. रविवारी पहाटे भट्टी परत पेटल्यावर, सगळे अर्धमेले पडलेले, खुळखुळा वाजला आणि त्याने एकट्याने हाताने दोरी ओढून काढला. आम्हाला उठवलं ते फळीवर ठेवल्यावरच. सव्वाबावीस. तीनदा मोजला. हळद, आगळ, मालवणी मसाला, रवा लावून तव्यावर. काटे कमी, मांस पांढरं, पाकळ्या सुटतात, मुडदुशाच्या वळणाचं पण खारेपणा नाही म्हणून मीठ जरा वरचं लागतं. गालाचे दोन बोराएवढे तुकडे असतात ते सगळ्यात भारी, ते पोराने कोणाला दिले नाहीत. नागपूरकर आला होता, त्याने सोलकढी दोन ग्लास मारली. बाबांना व्हिडिओ कॉल केला, त्यांनी मासा बघितला, विचारलं, "किती गावले?" एक म्हटल्यावर, "मगे इतक्या लांब कित्याक गेलस?"

जाणार असाल तर जानेवारीत एक वीकेंड असतो, पंधरापर्यंतचं पोर सोबत असेल तर रहिवासी मोठ्यांनाही परवाना माफ, पहिल्यांदा तेव्हाच ट्राय करा. हिवाळ्यात माणशी दोन दोऱ्या चालतात, उन्हाळ्यात एकच. कचरा बर्फावर सोडू नका, आम्ही गेलो त्यानंतरच्या जुलैपासून त्याला १०० डॉलर दंड लागू झालाय. थालीपीठं न्या, स्टोव्हवर मस्त गरम होतात. आणि घरचा झारा नेऊ नका. त्यांचा तिथे असतो, पण मी बायकोचा जास्त चांगला म्हणून घेऊन गेलो होतो, तो पहिल्याच दिवशी हातातून सुटला आणि भोकातून सरळ खाली गेला. फ्लॅशरवर लाल रेघ तळापर्यंत जाताना आम्ही चौघांनी बघितली. पंचवीस फूट.